वसई रोड ते आमणे : भिवंडीच्या वाटेवरील स्थळनामे

वसई रोडहून दिव्याकडे जाणारा लोहमार्ग जूचंद्र, कामण रोड आणि खारबाव ही स्थानके मागे टाकत भिवंडी रोडला पोहोचतो, आणि तेवढ्या अंतरात उत्तर कोकणावर राज्य केलेल्या किंवा व्यापारासाठी येथे उतरलेल्या बहुतेक भाषांची ओळख गावांच्या नावांतून होते. गाडीच्या एका बाजूस तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग यांचे डोंगर असतात, तर दुसऱ्या बाजूस उल्हास नदी ज्या वाटेने समुद्राला मिळते ती वसईची खाडी आणि तिच्या काठची मिठागरे दिसत राहतात. स्थळनामांचा अभ्यास करणारे विद्वान नावाचे सामान्यतः दोन भाग पाडतात. भिवंडीतील ‘बंदर मोहल्ला’ या नावातील ‘मोहल्ला’ हा जागेचा प्रकार सांगणारा सामान्य घटक होय, आणि ‘बंदर’ हा त्या प्रकारच्या इतर जागांपासून तिला वेगळे करणारा विशेष घटक होय. ही दोन अंगे लक्षात ठेवून भिवंडीची वाट चालली, तर परभाषा एखाद्या मुलखाच्या नावांत कशी शिरते आणि तिच्यापैकी काय टिकते, हा प्रश्न ग्रंथांपेक्षा रस्त्यांवर अधिक स्पष्ट होतो.

वाटेचा आरंभ वसईपासून करण्यास कारण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हापासून 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे किल्ला शरण येईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ, पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रांताचे हे मुख्य ठाणे होते. एवढ्या दीर्घ सत्तेने गावोगावची नावे बदलून टाकली असतील अशी अपेक्षा कोणीही करील, परंतु प्रत्यक्षात घडले ते निराळेच. पोर्तुगिजांनी वसईचे ‘बासाईं’ केले, त्यावरून इंग्रजांनी ‘बेसीन’ बनवले, आणि सहासष्ट गावांचा समूह या अर्थाची ‘साष्टी’ त्यांच्या कागदांत ‘साल्सेत’ झाली. ही नवी नावे नव्हेत. जुनीच नावे परक्या कानांनी ऐकून परक्या लिपीत बसवलेली आहेत. जेथे त्यांनी आपल्या भाषेत खरोखर नवे नाव दिले, उदाहरणार्थ अर्नाळ्याच्या बेटाला ‘गायींचे बेट’ या अर्थाचे, तेथे ते नाव सत्ता जाताच नाहीसे झाले. किल्ला जिंकल्यानंतर मराठ्यांनी वसईला दिलेले ‘बाजीपूर’ हे नावही टिकले नाही, ही गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण विजेता परका असो वा आपला, हुकुमाने दिलेल्या नावाची गती बहुधा सारखीच असते. मुंबईच्या उपनगरांतील सांताक्रूझ, म्हणजे पवित्र क्रूस, हे नाव टिकले त्याचे श्रेय राजाज्ञेला देता येत नाही. त्या क्रुसापाशी प्रार्थनेस जमणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांच्या तोंडी ते राहिले म्हणून ते जगले.

अटलांटिकपलीकडे फ्रेंच भाषेने अमेरिकेच्या नकाशावर ठेवलेल्या खुणा याच नजरेने पाहता येतात. 1682 मध्ये फ्रेंच शोधप्रवासी ला साल याने मिसिसिपीच्या खोऱ्याला राजा चौदाव्या लुईच्या नावावरून ‘लुईझियाना’ म्हटले, 1718 मध्ये न्यू ऑर्लिन्स आणि 1764 मध्ये सेंट लुईस वसले, आणि 1803 मध्ये नेपोलियनने त्यातील फ्रान्सकडचा प्रदेश अमेरिकेला विकल्यानंतर फ्रान्सची सत्ता तेथून संपली. नावे मात्र राहिली, आणि त्यांतील फार मोठा वाटा राजांच्या नावांचा नसून कातड्यांच्या व्यापारासाठी होड्यांतून नद्या पालथ्या घालणाऱ्या फ्रेंच नावाड्यांनी जागेचे रूप पाहून ठेवलेल्या साध्या शब्दांचा आहे. ‘डेट्रॉइट’ म्हणजे दोन जलाशयांना जोडणारी चिंचोळी सामुद्रधुनी, ‘तेर ओत’ म्हणजे उंच जमीन, ‘फाँ द्यु लाक’ म्हणजे सरोवराचा तळाकडचा भाग. ‘बॅटन रूज’ म्हणजे लाल खांब हे नाव 1699 मध्ये मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या सीमा दाखवणाऱ्या खांबावरून पडले. दुसरीकडे ‘शिकागो’ आणि ‘इलिनॉय’ ही मूळ रहिवाशांच्या भाषांतील नावे फ्रेंचांच्या कानावाटे नकाशावर आली, आणि ‘इलिनॉय’च्या रोमन लेखनात अखेरचे अक्षर लिहिले जाते पण उच्चारले जात नाही, ते फ्रेंच वळणामुळेच. 1981 साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना करणाऱ्या मराठी मंडळींनी ज्या शहराचे नाव आपल्या पत्रव्यवहारावर घातले, त्या नावाची घडण साष्टीच्या ‘साल्सेत’सारखीच आहे.

कामण रोड, भिवंडी रोड आणि वसई रोड या स्थानकांच्या नावांतील ‘रोड’ हा इंग्रजीचा थर आहे. लोहमार्ग ज्या गावाला थेट स्पर्श करीत नाही, त्या गावाला जाणारा रस्ता जेथून फुटतो त्या स्थानकाला गावाचे नाव देऊन त्यापुढे ‘रोड’ जोडण्याची रेल्वेची जुनी रीत आहे, आणि डहाणू रोड, केळवे रोड ही त्याच रीतीची भावंडे होत. भिवंडी रोड स्थानकाबाहेर पडताच प्रवासी अंजूरफाट्याला येतो, आणि तेथे रेल्वेच्या ‘रोड’ने जे सांगितले तेच मराठीने ‘फाटा’ या एका शब्दात सांगितलेले आढळते, कारण फाटा म्हणजे मुख्य वाटेतून फुटलेली वाट, आणि ही वाट खाडीकाठच्या अंजूर गावाकडे जाते. अंजूरचे गंगाजी नाईक हे वसईच्या मोहिमेतील अग्रणी. पोर्तुगीज मुलखातील रयतेची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत पोहोचवण्यात आणि 1737 ते 1739 या वर्षांत प्रत्यक्ष मोहिमेत त्यांनी केलेले कार्य मराठ्यांच्या इतिहासात नोंदलेले आहे. पोर्तुगीज भाषा खाडीच्या या काठावर का रुजली नाही, याचे एक उत्तर या फाट्यावर मिळते, कारण वसई आणि साष्टी त्यांच्या ताब्यात असल्या तरी भिवंडी आणि कल्याण हा मुलूख दुसऱ्या सत्तांच्या, आणि म्हणून दुसऱ्या राजभाषेच्या, छायेत होता.

ती राजभाषा फारसी होय, आणि फारसीच्या पोटातून आलेले अरबी शब्दही तिच्याबरोबरच मोजले पाहिजेत. अहमदनगरच्या निजामशाहीकडे असलेला हा प्रदेश 1636 मध्ये ती शाही संपल्यावर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला, 1657 मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने कल्याण आणि भिवंडी घेतली, आणि पुढे मोगलांशी झालेल्या संघर्षात त्यांचे हस्तांतर होत राहिले. या उलथापालथीच्या काळात कल्याण-भिवंडीसाठी ‘इस्लामाबाद’ हे नाव वापरलेले आढळते. ‘आबाद’ हा फारसी शब्द वस्ती असलेली, नांदती जागा दाखवतो, आणि औरंगाबाद, दौलताबाद यांप्रमाणे हे नाव राज्यकर्त्यांच्या इच्छेचे द्योतक होते. ते आज भिवंडीच्या कोणत्याही नाक्यावर ऐकू येत नाही. लोक पूर्वीपासून भिवंडी किंवा भिमडी म्हणत होते आणि तेच म्हणत राहिले, ज्यात मराठी बोलणारे हिंदू होते तसे कोकणी बोली बोलणारे मुसलमानही होते. म्हणजे या नावाचा पराभव कोणत्याही धर्माने केला असे म्हणणे चूक ठरेल. तो रोजच्या बोलण्याने केला.

याच्या उलट ‘निजामपूर’ हे नाव मात्र इतके पक्के रुजले की, शहराच्या महानगरपालिकेचे अधिकृत नावच ‘भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका’ असे आहे. ‘निजाम’ हा व्यवस्था किंवा बंदोबस्त या अर्थाचा अरबी शब्द, आणि ‘पूर’ हा संस्कृत; एकाच नावात दोन भाषा इतक्या सहज बसल्या आहेत की, निजामपुरा हा भाग विचारणाऱ्याला त्यातील जोड जाणवत नाही. अशा नावाला संकरित स्थळनाम म्हणतात. परभाषेने एखादा भाग पूर्णपणे आपलासा केला की नाही हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण संकर हीच आहे, असे येथे म्हणावेसे वाटते, कारण शुद्ध परकी नावे वरून लादता येतात, पण संकरित नावे मात्र लोकांच्या बोलण्यातच तयार होतात.

शिवकाळात रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेला ‘राज्यव्यवहारकोश’ फारसी-अरबी राज्यकारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रचला गेला, आणि महाराजांनी किल्ल्यांनाही स्वभाषेतील नावे दिली, ज्यांपैकी रायगड हे नाव सर्वतोमुखी झाले. त्या प्रयत्नामागचा स्वाभिमान आदरणीय आहे, आणि गडांच्या बाबतीत तो फळालाही आला, कारण गडाचे नाव राज्याच्या कर्तृत्वाशी बांधलेले होते. गल्ल्या, वेशी आणि बंदरे यांच्या नावांवर मात्र कोशाचा अंमल चालू शकत नव्हता. आजही भिवंडीचा पत्ता लिहिताना ‘तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे’ असे लिहिले जाते, आणि त्यातील तालुका व जिल्हा हे दोन्ही शब्द अरबी मुळाचे आहेत. पोर्तुगिजांनासुद्धा ही चौकट टाळता आली नाही. ठाण्याला ते ‘कासाबे द ताना’ म्हणत, म्हणजे ‘कसबा’ हा अरबी शब्द त्यांनी जसाच्या तसा घेतला, आणि ‘परगणा’ही त्यांच्या दफ्तरात स्थिरावला. अमेरिकेत लुईझियाना राज्याच्या जिल्ह्यांना इतर राज्यांप्रमाणे ‘काउंटी’ न म्हणता चर्चच्या हद्दीवरून आलेला ‘पॅरिश’ हा शब्द अजून वापरतात, तो फ्रेंच व स्पॅनिश अमलाचा वारसा आहे. राज्य बदलते, पण हद्दी मोजण्याचे आणि महसूल गोळा करण्याचे शब्द नवा राज्यकर्ता सहसा टाकून देत नाही, कारण त्यांच्यावाचून त्याचा पहिल्याच वर्षाचा हिशेब अडतो.

अंजूरफाट्याहून धामणकर नाका, कल्याण नाका आणि वंजारपट्टी नाका असे शहरात शिरताना नाक्यांची ही मालिका जुन्या वाहतुकीचे चित्र उभे करते. नाका म्हणजे वस्तीच्या तोंडाशी असलेली, जेथे जकात घेतली जाई अशी जागा, आणि ‘जकात’ हा पुन्हा अरबी शब्द आहे. वंजारपट्टी हे नाव बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या वणजाऱ्यांची आठवण ठेवते. त्यापुढे जुन्या गावठाणात शिरले की, वस्त्यांच्या नावांचे सामान्य घटक बदलू लागतात. ब्राह्मण आळी, कासार आळी, ठाणगे आळी या नावांतील ‘आळी’ म्हणजे समोरासमोरच्या घरांची रांग, भोईवाड्यातील ‘वाडा’ म्हणजे एका व्यवसायाच्या लोकांची एकत्र वस्ती, बंदर मोहल्ला, सौदागर मोहल्ला यांतील ‘मोहल्ला’ म्हणजे मुक्काम करून उतरण्याची जागा या अरबी मुळाचा शब्द, आणि शहराच्या कडेला लागणारा ‘पाडा’ म्हणजे आदिवासी किंवा शेतकऱ्यांची विखुरलेली लहान वस्ती. आळी कोठे संपते आणि मोहल्ला कोठे सुरू होतो, हे पाहत चालणाऱ्याला कोणत्या बोलीचे आणि कोणत्या पेशाचे लोक कोठे स्थायिक झाले याचा नकाशा पायांखाली उलगडतो. दर्गा रोड, इदगाह रोड यांसारखी नावे या दोन्हींच्या पलीकडे जातात, कारण त्यांत फारसी दर्गा किंवा इदगाह आणि इंग्रजी रोड एकत्र आले आहेत आणि मराठी त्यांना ‘दर्गा रोडला’, ‘इदगाह रोडवर’ असे आपले विभक्तिप्रत्यय जोडून वापरते.

बंदर मोहल्ल्यापाशी थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण भिवंडीत परभाषा शिरण्याचे खरे दार तेच आहे. शहराला वळसा घालणारी कामवारी नदी खाडीला मिळते, आणि खाडी गाळाने भरत जाण्यापूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते येथवर येत; भात, लाकूड आणि सुकी मासळी यांचा व्यापार त्या वाटेने चाले. ‘बंदर’ हा फारसी शब्द कोकणच्या साऱ्या किनाऱ्यावर इतका रुळला आहे की, घोडबंदरापासून खाली दक्षिणेपर्यंत कोणालाही तो परका वाटत नाही, आणि त्याला आणण्यासाठी कोणत्याही सुलतानाच्या फर्मानाची गरज पडली नाही, कारण पश्चिम किनारा आणि इराणचे आखात यांच्यामध्ये चालणाऱ्या दर्यावर्दी व्यापाराची ती सामाईक बोली होती. या व्यापारातून उत्तर कोकणात स्थिरावलेल्या समाजांपैकी कोकणी मुसलमानांचा समाज भिवंडीत आणि परिसरातील गावांत आजही आहे, आणि त्याची घरची बोली मराठीच्या कोकणी रूपाची आहे. म्हणजे शब्द दर्यावाटे आला आणि तो बोलणारा माणूस येथील भाषेचा झाला. फ्रेंच नावाड्यांनी अमेरिकेला ‘प्रेअरी’, म्हणजे गवताळ मैदान, आणि ‘पोर्टेज’, म्हणजे दोन नद्यांमधील जमिनीवरून होडी उचलून नेण्याची वाट, हे शब्द ज्या रीतीने दिले, त्याच रीतीने ‘बंदर’ येथे आले, आणि दोन्हीकडे ते राजाच्या नावांपेक्षा खोलवर रुजले. नदीच्या पलीकडच्या वस्तीला मात्र लोकांनी सरळ ‘खाडीपार’ म्हटले आहे.

विसाव्या शतकात यंत्रमागांनी भिवंडीचे रूप पालटले आणि नावांतही नवी भर पडली. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांनी शहर भरले, पद्मानगरात दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू लिपी दिसू लागली, आणि गैबीनगर, शांतीनगर, समदनगर अशी ‘नगर’ हा सामान्य घटक असलेली नावे एकामागून एक उभी राहिली. ‘गैबी’ म्हणजे अदृश्य, हा अरबी विशेष घटक संस्कृत ‘नगर’शी जोडला जातो, तेव्हा निजामपूरची जुनी रीत पुढे चाललेली दिसते. या काळातील ‘नगर’ हा शब्द ‘आळी’ किंवा ‘मोहल्ला’ यांच्यासारखा वस्तीची ठेवण सांगत नाही, हा फरक मात्र आहे. चाळ असो, मागांची शेड असो वा इमारत, सर्वांना तो सारखाच लागतो, आणि त्यामुळे जुन्या नावांतून मिळणारी माहिती नव्यांतून मिळत नाही, ही हानी अभ्यासकाला जाणवल्यावाचून राहत नाही.

या सर्वांच्या तळाशी जो थर आहे तो पाहण्यासाठी शहर सोडून तालुक्यातील लोनाडकडे जावे लागते. तेथे डोंगरात बौद्ध लेणे आहे आणि शिलाहारकालीन शिवमंदिराचे अवशेष आहेत. जवळच्या चौधरपाड्यात तेराव्या शतकातील शिलाहार राजा केशिदेव याचा शिलालेख आहे. त्याहून जुना असा शके 919 चा, म्हणजे इसवी सन 997 चा, अपराजित शिलाहार याचा ताम्रपट या परिसराच्या नावांसाठी अनमोल आहे. त्यात ‘लवणेतट’ येथील लोणादित्य या सूर्यदेवाच्या देवालयाला ‘भादान’ हे गाव दिल्याची नोंद आहे, आणि लवणेतट म्हणजे आजचे लोनाड, भादान म्हणजे आजचे भादाणे असा मेळ अभ्यासकांनी घातला आहे. शिलाहारांचे लेख एकत्र संपादित करणारे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी असा एकेक मेळ घालून उत्तर कोकणाचा मध्ययुगीन भूगोल उभा केला. शिलाहार, यादव, सुलतान, पोर्तुगीज, पेशवे आणि इंग्रज येऊन गेले तरी भादाण्याचे नाव हजार वर्षांत केवळ शेवटच्या अक्षरापुरते बदलले आहे.

नारपोली, महापोली, गुंदवली, राजनोली, मानकोली अशा ज्या नावांनी तालुका भरलेला आहे, त्यांतील ‘पोली’ आणि ‘वली’सारखे शेवट ‘पल्ली’ म्हणजे खेडे या शब्दाची झिजलेली रूपे मानली जातात, आणि पल्ली हा शब्द संस्कृतात द्राविडी भाषांतून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा परभाषेचा प्रभाव शोधत निघालेल्याला सर्वांत घरगुती वाटणाऱ्या नावांतही एक जुनी परभाषा भेटते. ‘महिकावतीची बखर’ 1924 मध्ये प्रसिद्ध करताना इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी प्रस्तावनेत उत्तर कोकणातील वसाहतींचा वेध घेताना गावांच्या नावांना पुराव्याचे स्थान दिले. त्यांच्या काही व्युत्पत्ती पुढे मान्य झाल्या नाहीत, पण गावाचे नाव हा लेखी कागदाइतकाच साक्षीदार आहे ही त्यांची भूमिका लोनाडच्या परिसरात फिरताना पटते. पिंपळास, पिंपळघर, पिंपळनेर, बोरिवली, आंबाडी ही वृक्षांवरून पडलेली नावे त्याच साक्षीचा भाग आहेत, आणि ती समजण्यासाठी कोश उघडावा लागत नाही.

परतीची वाट मानकोली, वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी अशी ठाण्याकडे जाते आणि हाच आज देशभरातील मालाच्या साठवणुकीचा पट्टा आहे. मैलोगणती पसरलेल्या गोदामांच्या रांगांना ‘कंपाउंड’, ‘कॉम्प्लेक्स’, ‘लॉजिस्टिक्स पार्क’ अशी इंग्रजी सामान्य नामे लागली आहेत, तर खुद्द ‘गोडाऊन’ हा शब्द मलाया बेटांतील ‘गुदांग’पासून पोर्तुगिजांच्या मार्फत इंग्रजीत आणि तेथून पुन्हा या किनाऱ्यावर आलेला आहे. येथे परभाषेचा नवा परिणाम नव्या नावांपेक्षा जुन्यांच्या लेखनावर अधिक दिसतो. रोमन लिपीत ‘ळ’ लिहिता येत नाही, हिंदीत तो बोलला जात नाही, आणि म्हणून मालाच्या पावत्यांवर, मोबाइलमधील नकाशांवर आणि परप्रांतीय वाहनचालकांच्या तोंडी कशेळीचे ‘कशेली’, वळचे ‘वाल’ आणि राहनाळचे ‘राहनाल’ होते. साष्टीचे ‘साल्सेत’ ज्या वाटेने झाले तीच ही वाट आहे, फक्त तेव्हा नकाशे काढणारे थोडे होते आणि आता प्रत्येक हातात नकाशा आहे, त्यामुळे अपभ्रंश मूळ रूपाला फार लवकर मागे सारू शकतो. ग्रामपंचायतींच्या आणि रस्त्यांच्या पाट्यांवर देवनागरी रूप शुद्ध आणि ठळक असणे ही म्हणूनच केवळ भाषाभिमानाची बाब राहिलेली नाही; हजार वर्षे टिकलेला पुरावा जपण्याची ती साधी सोय आहे.

नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो, आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये वाहतुकीस खुला झाला. काल-परवापर्यंत तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसलेले हे गाव आता विदर्भ आणि मराठवाड्यातील दिशादर्शक फलकांवर झळकू लागले आहे. रोमन अक्षरांत त्याचे ‘न’ आणि ‘ण’ एकच होतात, त्यामुळे नागपूरकडून येणारा अनोळखी चालक त्याला ‘आमने’ म्हणतो, आणि गावकरी मात्र अजून ‘आमणे’च म्हणतात.